बसा म्हणणारे नाना

आमच्या लग्नाच्या बोलणीत नानांनी मला एकच प्रश्न विचारला. माझा पगार, माझ्या गावची, बोरीची कोरडवाहू जमीन, सेलूच्या शाळेतली नोकरी कायम आहे की नाही, हे सगळं बाकीच्यांनी विचारून झालं होतं. नाना कोपऱ्यात घोंगडीवर बसून ऐकत होते. चहा आला तेव्हा ते जरा पुढे सरकले आणि म्हणाले, "पाव्हनं, पवता येतं का?"

मी "हो" म्हणालो. लहानपणी बोरीच्या विहिरीत पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून मी तीन-चार वेळा हातपाय मारले होते, तेवढंच माझं पोहणं. पण समोर कमल बसली होती, ती मला आवडली होती, आणि एवढ्याशा 'हो'नं कुणाचं काय बिघडणार होतं? नानांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग झालं. माझ्याकडून होकार हाय," म्हणाले आणि बशीत चहा ओतला. मला वाटलं, म्हातारा गमतीदार दिसतो.

नाना कमलचे सख्खे चुलते. पालमकडच्या बाजूला गंगेच्या काठी त्यांचं गाव. गोदावरीला तिकडे कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. नानांचे केस पांढरे झाले होते, पण खांदे पंचविशीतल्या गड्याचे होते. त्यांच्याकडे दोन एकर रान होतं आणि एका बंद पडलेल्या गुऱ्हाळातून आणलेली, गूळ शिजवायची भली मोठी लोखंडी काहील होती. गावाला नाव नव्हती. पैलतीरी जायचं तर नानांच्या काहिलीत बसायचं आणि नाना एका फळीनं वल्हवत न्यायचे. म्हणून गाव त्यांना काहिलीवाले नाना म्हणे.

नाना सगळ्यांना 'बसा' म्हणत. पोस्टमनला, बोहारणीला, शेजारच्या सहा वर्षांच्या पोरीलासुद्धा. "या, बसा. आदी बसा, मंग बोला." त्या पोरीला 'बसा' म्हणाले तेव्हा मी हसलो. नाना हसले नाहीत. म्हणाले, "गुर्जी, आमच्या बापाला गावात कुनी कदी बस म्हनलं न्हाई, बसा तर लय लांब. दुसऱ्याच्या दारात हुभं ऱ्हाऊ ऱ्हाऊच म्हातारा झाला. मंग आपून तरी म्हनावं का न्हाई?" त्यानंतर मी त्यांच्या बोलण्याला कधी हसलो नाही. आणि जावयाचं तर विचारूच नका. या, बसा, जेवा, पडा, उठा; जावयाशी त्यांचं प्रत्येक क्रियापद आदराचं. तोंडातून चुकून 'तू' निघेल या धास्तीनं ते माझ्याशी जरा सावकाशच बोलत.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं सासरवाडीला निघालो. एसटीनं गंगाखेड सोडलं तेव्हा कमल खिडकीतून बाहेर बघत सहज म्हणाली, "नाना तुम्हाला कड्यावर नेतील. आमच्या घरचा प्रत्येक जावई काहिलीतून पलीकडं जातो आणि कड्यावरून डोहात उडी टाकतो. ताईच्या मालकांचा तर चष्मा गेला डोहात!" ती हसत होती.

हा रिवाज आला कुठून, असं मी विचारलं. तेव्हा तिनं जे सांगितलं ते मी आधी ऐकलं असतं तर त्या दिवशी 'हो' म्हणालो नसतो. नामांतराच्या दंगलीच्या साली ती दहा-अकरा वर्षांची होती. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडाभर आमच्या लोकांची घरं पेटत होती. यांच्या वस्तीवरही लोक चालून येणार अशी कुणकुण लागली, तेव्हा भर दुपारी नानांनी बायापोरांना काहिलीत घालून पलीकडे नेलं. चार खेपा केल्या. श्रावणातली गंगा, दोन्ही काठ भरून. तिसऱ्या खेपेला कुणीतरी घाबरून उभं राहिलं, काहील कलली आणि कमल पाण्यात पडली. तिचे वडील तिथंच काहिलीत होते. चांगले शिकलेले, तालुक्याला कारकून; पण पोहता येत नव्हतं. ते नुसते हात पुढे करून ओरडत राहिले. नानांनी उडी टाकून तिला वेणीला धरून वर काढलं. त्याच दिवशी त्यांनी ठरवलं, की आपल्या घरची पोरगी पोहता न येणाऱ्या माणसाला द्यायची नाही. "तुम्हाला येतं म्हणून तर लगेच जमलं आपलं," कमल म्हणाली. मी पुढच्या सीटची दांडी घट्ट धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना दारात हजर. "चला पाव्हनं, गंगा बघून येऊ." जाताना त्यांनी आढ्याला टांगलेला वाळका दुध्या भोपळा काढला. भोपळा पाठीला बांधला की माणूस बुडत नाही. तिकडची सगळी पोरं अशीच पोहायला शिकतात. नानांनी तो माझ्यापुढे धरला. "बांधायचा का? नवं पानी हाय तुमाला. लाजायचं काम न्हाई." मागे उंबऱ्यात कमल उभी होती. मी म्हणालो, "नको, कशाला?" आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला, पण त्या भोपळ्याला नको म्हणण्याइतका मोठा नाही.

काहिलीत बसल्यावर पहिल्या दोन हातांतच मला कळलं की ही वस्तू नाव नव्हे. ती सरळ जातच नाही. गोल गोल फिरत जाते. समोर गाव दिसतं, मग पाणी, मग कडा, मग परत गाव. पाणी काठापासून वीतभर खाली. मी दोन्ही हातांनी कडी धरून ठेवली होती आणि डोळे नानांच्या पायांच्या बोटांवर रोवले होते. "फिरू द्या तिला," नाना म्हणाले. "फिरल्याबिगर ती जात न्हाई. आपून फकस्त हलायचं न्हाई. बसा." मी बसलेलाच होतो. मला कुणी उचललं असतं तरी मी तसाच घडी घातलेला वर आलो असतो.

कडा म्हणजे डोहावर आलेला काळा खडक, माडीच्या घराएवढा उंच. वर चढेपर्यंत निदान पायाखाली जमीन तरी होती. नाना काठाशी गेले, धोतराचा काचा मारला आणि साठीतला तो माणूस उडी टाकून खाली गेला. मोठा आवाज झाला. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मग डोहाच्या मधोमध पांढरं डोकं वर आलं आणि आवाज आला, "या, पाव्हनं! लय ग्वाड पानी हाय!"

मी काठावर उभा राहिलो. खाली पाणी काळं होतं. एक पाऊल, फक्त एक, असं मी स्वतःला सांगत होतो, जसं वर्गातल्या पोरांना फळ्यापाशी यायला सांगतो. पण वर्गातलं पोर येतं. मी गेलो नाही. शेवटी मी खाली बसलो, पोटावर वळलो आणि लिंबाच्या झाडावरून उतरावं तसा पाठमोरा, खडक धरत उतरलो. खाली आल्यावर म्हणालो, "नाना, सर्दी आहे. अंगात कणकण वाटतेय." नानांनी केस झटकले. "हूं," म्हणाले, "पान्याला कुटं घाई हाय?" एक शब्दही टोमण्याचा नाही. त्यामुळे मला अधिकच मेल्यासारखं झालं.

परतताना लाज झाकायला मी फळी मागून घेतली. वल्हवायला लागलो आणि जरा जमतंय असंही वाटलं. मधल्या धारेत आलो असू. तेवढ्यात माझ्या हाताजवळून, काहिलीच्या अगदी काठाला घासून, एक दिवड डोकं वर काढून गेली. पाण्यातला साधा बिनविषारी साप, हे मी पोरांना शिकवतो. पण त्या क्षणी मी मास्तर नव्हतो. मी ताडकन उठून उभा राहिलो.

"बस!" नाना ओरडले.

आता माझी चूक सांगतो. जगातला दुसरा कुठलाही माणूस खाली बसला असता. पण नाना मला 'बस' म्हणतील हे माझ्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. त्यांच्या तोंडी बसणं म्हणजे 'बसा'. तेव्हा 'बस' म्हणजे पुरे, वल्हवणं थांबवा. मी आज्ञाधारकपणे फळी पाण्याबाहेर काढली आणि उभाच राहिलो.

"बस! बस म्हन्तो ना!"

"थांबवलं की, नाना," मी म्हणालो, आणि काहील कलली.

पाणी नाकात, कानात, तोंडात. वर कुठे आणि खाली कुठे ते कळेना. मी ओरडायला गेलो आणि आणखी पाणी आत आलं. मरतोय, एवढा एकच विचार होता आणि तो अगदी स्पष्ट होता. त्याच्यामागे कमलचा चेहरा आला, उंबऱ्यातला, मी भोपळ्याला नको म्हणतानाचा. मग कुणीतरी माझे केस मुठीत धरले. डोकं हवेत आलं आणि कानाशी आवाज आला, "लाथा मारू नको! गप पड! तुला म्या सोडत न्हाई, गप पड!"

आम्ही काठाला लागलो तेव्हा मी मागे वळून पाहिलं. पाण्यावर फळी तरंगत होती. काहील नव्हती. लोखंडाची ती, पाणी भरल्यावर तळाला गेली. काहिलीचा काठ नानांच्या हाताशी होता, मीही होतो, आणि त्यांना दोन्ही धरता येणार नव्हतं. चार खेपांत वस्तीची बायापोरं वाचवणारी ती काहील आजही गंगेच्या तळाशी असेल.

मी वाळूत पालथा पडून ओकत होतो. नाना शेजारी बसले होते. थोड्या वेळानं त्यांनी हळू विचारलं, "पवता येत न्हाई ना?"

"नाही."

"मंग त्या दिवशी हो का म्हनलात?"

"कमलसाठी."

नानांनी धोतराचा सोगा पिळला. "भोपळा नको म्हनलात, तवा वाटलं, मास्तर मानूस हाय, खोटं कशाला बोलंल." यापेक्षा त्यांनी दोन मुस्कटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं. आणि मग नानांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. "माफी करा, पाव्हनं. म्या तुमाला अरे-तुरे केलं." त्यांचा जीव घेता घेता राहिलेल्या, त्यांची काहील बुडवलेल्या माझ्यासारख्या माणसापुढे! मी रडायला लागलो. म्हणालो, "नाना, तुम्ही मला 'तू'च म्हणा. मला बरं वाटेल." त्यांनी मान हलवली. "न्हाई. ते पान्यातलं पान्यात."

घरी त्यांनी सांगितलं, की काहिलीला छिद्र होतं आणि पाव्हण्यांनी लय धीर धरला. मग सुट्टी संपेपर्यंत रोज पहाटे आम्ही दोघं भोपळा घेऊन उथळ पाण्यात जात होतो. कमलला वाटे, जावई-सासऱ्याचं भलतंच जमलंय. "पाय हानत ऱ्हावा, गुर्जी. तोंड मिटा. मान आस्ते वर करा." इतक्या आदरानं पोहायला शिकलेला माणूस जिल्ह्यात दुसरा नसेल. पुढच्या वर्षी मी भोपळा बांधून पोहत पैलतीरी गेलो आणि कड्यावरून उडी टाकली. डोळे मिटून टाकली आणि हवेत असताना किंचाळलो, ते नानांनी ऐकलं, पण कुणाला सांगितलं नाही. कमलला खरं काय ते मीच सांगितलं, आमची मुलगी पोहायला शिकली तेव्हा. कमल दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

भीती मात्र गेली नाही. आजही पाण्यात उतरताना मी आधी काठावरचं काहीतरी घट्ट धरतो. नानांना हे एकदा बोललो तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की. भ्यालेलं मानूस गप बसतं, म्हनून काहिलीत भ्यालेलंच मानूस बरं. न भ्यालेलं उठून हुभं ऱ्हातं." आणि मग स्वतःशीच हसले, कारण मी तर भिऊनच उभा राहिलो होतो. पण तेही त्यांनी बोलून दाखवलं नाही.

विद्यापीठाच्या पाटीवर नवं नाव लागलं त्या हिवाळ्यात नाना खाटेला खिळले. छाती भरली होती. निरोप आला तसे आम्ही निघालो. दुपारी पोचलो तेव्हा ओसरी माणसांनी भरली होती. नानांना बोलवत नव्हतं. त्यांची सून चमच्यानं त्यांना पाणी पाजत होती. मी दाराशी उभा राहिलो, पुढे जायला माझे पाय तयार होईनात. कड्यावर असाच उभा राहिलो होतो.

नानांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले.

"बस."

सुनेनं चमचा मागे घेतला. "पुरं म्हनायलेत," ती म्हणाली. "पानी नको त्यांना."

"बस," नाना पुन्हा म्हणाले. नजर माझ्यावरच होती.

एकदा ती चूक मी केली होती. मी माणसांतून वाट काढत पुढे गेलो आणि खाटेच्या कडेला, त्यांच्याजवळ बसलो. नानांचा हात माझ्या गुडघ्यावर आला. मग त्यांनी तोंड उघडलं, आणि सुनेनं वाटीतलं राहिलेलं पाणी त्यांना पाजलं.