मागच्या दाराचा नकाशा

उत्कर्षा रामटेके दिवसभर भिलाईच्या पावर हाउस बाजारातल्या एका फोटो स्टुडिओत बसून नवरा-नवरीच्या मागची गर्दी पुसायची आणि तिथे काश्मीरचे डोंगर लावून द्यायची. संध्याकाळी घरी आली की तेच हात दुसऱ्या कामाला लागत. कॉम्प्युटरवरच्या एका बंदुकीच्या खेळासाठी ती मैदान बांधत होती. लाल आणि निळे असे दोन संघ, दोघांचा एकेक झेंडा. समोरच्यांच्या घरात घुसून झेंडा उचलायचा आणि गोळ्या चुकवत आपल्या घरी आणायचा.

"म्हणजे शेजाऱ्याचा झेंडा चोरून आणाचा," आई कांताबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या. "आन् तो आपला चोरणार. चांगलं शिकून राहिले तुमी."

हे मैदान म्हणजे त्यांचाच सेक्टर, पोलाद कारखान्याच्या वसाहतीतला, होता. तिचे बाबा, शेषराव, महिनाअखेरीला प्लांटमधून निवृत्त होणार होते. मग क्वार्टर सोडून कुरुदला बांधलेल्या घरात जायचं. उत्कर्षाचा जन्म याच क्वार्टरमधला. जाण्याआधी तिला ते कुठेतरी जसंच्या तसं ठेवून द्यायचं होतं. फोटो होतेच, पण फोटोत पळता येत नाही.

अर्धं काम सेक्टर आखणाऱ्यानेच करून ठेवलेलं. क्वार्टरच्या दोन ओळी एकमेकींकडे पाठ करून उभ्या, मधे गल्ली. इकडचं घर तिकडच्याचं आरशातलं रूप, त्यामुळे पक्षपाताची तक्रार नाही. एका ओळीत लाल, दुसरीत निळे.

"मले निळ्यात ठेवजो," शेषराव म्हणाले.

"बाबा, तुम्ही खेळणार आहात का?"

"नाही खेळलो तरी निळ्यातच."

दर रविवारी संध्याकाळी जबलपूरचा पीयूष गावोगावच्या पोरांचा हा खेळ ऑनलाइन चालवी. नवं मैदान लोकांना आवडलं तर तो ते ठेवून घेई, नाहीतर काढून टाकी. पहिल्या रविवारी उत्कर्षाच्या हेडफोनमध्ये नुसता कालवा झाला. निम्मे खेळाडू घरासमोर उभे राहून दाराला धडका देत होते. "दरवाज़ा ही नहीं खुल रहा, यार." भिलाईची चार पोरं मात्र वळसा घालून मागून शिरत आणि झेंडा घेऊन येत. ती चौघं ज्या संघात, तोच संघ जिंकत राहिला.

चूक तिच्या तेव्हा ध्यानात आली. सेक्टरमध्ये पुढच्या दाराने येतं कोण? पुढच्या दाराला आतून दिवाण लावलेला. स्कूटर मागे, चपला मागे, दूधवालाही मागे. म्हणून तिनेही पुढचं दार भिंतीवर नुसतं रंगवून ठेवलं होतं. ते उघडायचं असतं, हे तिला सुचलंच नव्हतं.

"दीदी, आगे का दरवाज़ा खोल दो, बस," पीयूष म्हणाला. "अगले संडे एक बार और देखेंगे. फिर हटाना पड़ेगा."

दार उघडणं चुटकीसरशी झालं असतं. पण मग दिवाण हलवावा लागला असता, आणि दिवाण हलला की ते त्यांचं घर उरलं नसतं. आठवडाभर ती चेहरा पाडून बसली.

"कावून गं, काय झालं?" कांताबाईंनी विचारलं.

"लोकांले आपलं घर सापडून नाही राहिलं."

"कोनाले?"

"जबलपूरवाल्यांले."

"येऊन राहिले का ते? पयले सांगाचं ना, भाजी तरी आणली असती."

शनिवारी बाबांच्या निरोप-समारंभासाठी नागपूरहून सिंधुआत्या आल्या आणि सेक्टरच्या वळणावरच अडकल्या. सगळ्या ओळी सारख्याच. कांताबाई फोनवर शांतपणे सांगत होत्या, "पुढून नोको येऊ. मांगच्या गल्लीत शीर. तारावर लाल गोधडी वाळून राहिली, दिसली का? तिच्याच मांगं दार."

आत्या आत येऊन टेकेपर्यंत उत्कर्षा कॉम्प्युटरसमोर पोचली होती. तिने कोपऱ्यापासून गल्लीपर्यंत तारा ओढल्या आणि वाळवण घातलं. एका बाजूला लाल लुगडी, लाल गोधड्या, लाल चादरी, दुसऱ्या बाजूला सगळं निळं. झेंड्याच्या दाराजवळ दाट, लांब गेलं की विरळ. पुढचं दार तिने बंदच ठेवलं.

रविवारी सुरुवातीला काही जण पुन्हा पुढच्या दारालाच धडकले. मग भोपाळचा एक जण ओरडला, "लाल रज़ाई के पीछे, सब लाल रज़ाई के पीछे!" लालांचा झेंडा गेला. तो परत आणायला लाल धावले, आणि चादरींआड लपून गोळ्या झाडता येतात हेही त्यांनीच शोधून काढलं. उत्कर्षाच्या ते गावीही नव्हतं. खेळ शेवटच्या मिनिटापर्यंत कोणाकडेच झुकला नाही.

"रहने दो इसको," पीयूष म्हणाला.

कुरुदच्या घराचं पुढचं दार छान सागवानी आहे, आणि ते उघडतं. तिथल्या पहिल्याच रविवारी तिने आईबाबांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. एक निळा गडी गल्लीतून धावत अंगणात आला. शेषरावांनी खुर्ची पुढे ओढली. "हे आपलंच ना," ते म्हणाले.

कांताबाई चष्मा सावरत बघत होत्या. "बुटं घालून सयपाकखोलीत शिरून राहिले हे. सांग त्यायले."

पुढच्या रविवारच्या आत उत्कर्षाने दोन्ही अंगणांत चपलांचे जोड मांडून ठेवले. बुटं अजून कोणी काढत नाही.