तेलाच्या टाक्यांमागचं तिसरं घर

एकाहत्तरच्या डिसेंबरातला सोमवार. खिडकीच्या काचेवरचा काळा कागद काढायचा राहिला होता, म्हणून उजाडूनही स्वयंपाकघरात अंधारच होता. महिनाभरापासून तोफगोळ्यांच्या कारखान्यात बारा बारा तासांच्या पाळ्या लागल्या होत्या. आमचे हे रात्रपाळी करून आले होते आणि बशीत ओतलेला चहा तसाच ठेवून बसल्या जागी पेंगत होते. मी पोहे भिजवत होते. तेवढ्यात दार वाजलं. कडी नाही, काठीनं वाजलं, म्हणजे बापूसाहेब.

बापूसाहेब आमचे घरमालक. जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातल्या त्यांच्या आवारात आम्ही चार बिऱ्हाडं राहत होतो. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांना हुकूम सोडायला कोणी उरलं नव्हतं. लढाई आली आणि रात्री दिवे विझवून घेण्यासाठी गल्लीचं वॉर्डनपण मिळालं. टोपी सरकारची, ऐट घरची. त्यांच्या मागे त्यांची सून कुंदा, हातात पेढ्यांचं ताट. कराची बंदर पेटलं, तेलाच्या टाक्या जळताहेत, अशी बातमी रेडिओवर आली होती. त्याचे पेढे.

पण ती दोघं नुसती पेढे द्यायला आली नव्हती. कोपऱ्यातल्या खोलीतल्या विनताबाईनं पेढा घेतला नाही, ताट हातानं मागे सारलं, एवढं कुंदानं सांगितलं आणि मग खरी गोष्ट बाहेर काढली.

"काहून हो वहिनी, ती बाई रोज पहाटे कोणाशी बोलून राहिली? बोलते, थांबते, पुन्हा बोलते. दुसरा आवाज नाही. आज मी भिंतीला कान लावला. किमाडी, बंदराकडे, तेलाच्या टाक्यांमागे, तिसरं घर. हे काय भजन आहे?"

बापूसाहेबांचा निकाल तयार होता. खोलीत बिनतारी यंत्र असणार. आवारातले पाच पुरुष कारखान्यात जातात, कोण कोणत्या पाळीला जातो ते त्या बाईला उंबऱ्यावरून दिसतं. मी म्हटलं, कराचीच्या टाक्या कुठे आहेत हे ती कोणाला कळवत असेल तर ते आपल्याच लोकांना कळवत असणार, तिला पेढे दोन द्या. कुंदाला हसू आलं. बापूसाहेबांनी काठी आपटली आणि म्हणाले, कॉलेजात शिकलात ते ठेवा बाजूला, साक्षीला चला.

विनताबाई पाटोळे. वडील नगरकडचे, रेल्वेच्या नोकरीपायी जबलपूरला आलेले. हिचा जन्म इथलाच. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून उभं आयुष्य गेलं. लग्न केलं नाही, निवृत्त झाल्यावर क्वार्टर सुटलं आणि ही कोपऱ्यातली खोली घेतली. कुंदाची दोन्ही बाळंतपणं तिनंच केली, तीही कुंदावर ओरडत ओरडत. गोड बोलणं तिला जमलंच नाही. दुधात पाणी घालणाऱ्या भैयाला आणि पाद्रीसाहेबांना तिचा एकच आवाज असे. त्यामुळे वेळ आली तेव्हा तिच्या बाजूनं बोलायला कोणी पुढे झालं नाही.

दुपारी आम्ही दोघी जवानांसाठी स्वेटर विणत बसायचो, तेव्हा ती मला कराचीचं सांगायची. पंचावन्न साली मिशननं तिला तीन महिन्यांसाठी तिकडे पाठवलं होतं, मुंबईहून आगबोटीनं. बंदरावर राबणाऱ्या मराठी ख्रिस्ती लोकांची तिथे किमाडीत वस्ती होती. सकाळी बाळंतिणी तपासायच्या, संध्याकाळी घरोघर प्रार्थना. ती उतरली इंदिरामावशीकडे. मावशीनं दारातच विचारलं, "जबलपूर? तिकडे मराठी येतं का कोणाला?" आणि तीन महिने हिच्या चहात साखर कमी घातली. दोघी रोज भांडायच्या. बंदरावर क्रेन चालवणारा तुळशीराम उपासनेत ढोलकी वाजवायचा, आणि प्रत्येक गाणं असं पळवायचा की पाद्री दोन ओळी मागे राहायचे. झुलेखा मासळी विकायची. तिची अडलेली पोर हिनं सोडवली, तेव्हापासून ती रोज पापलेट आणून टाकायची आणि पैसे पुढे केले की शिव्या द्यायची.

परत निघताना धक्क्यावर मावशी म्हणाली होती, "मनातल्या मनात आठवण काढणारे लई पाहिले. त्याला साक्ष नसते. रोज प्रार्थनेत मोठ्यानं आमचं नाव घे, ठिकाणासकट घे." कधी कोणाचं न ऐकणाऱ्या विनताबाईनं ही एक गोष्ट डॉक्टरच्या हुकमासारखी पाळली.

आम्ही गेलो तेव्हा दार उघडंच होतं. बापूसाहेबांनी विचारलं नाही, सवरलं नाही. पलंगाखाली काठी फिरवून काहीतरी खडखडत बाहेर ओढलं. एनॅमलचं बेडपॅन निघालं.

"लागणार असेल तर घेऊन जा," विनताबाई म्हणाली. "तुमच्या वयाला उपयोगी पडेल."

दारात जमलेल्या बाया हसल्या आणि तिथेच काम बिघडलं. बापूसाहेबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. पहाटे कोणाशी बोलतेस, त्यांनी एकेरीवर येऊन विचारलं. ती म्हणाली, देवाशी.

"देवाला पत्ता सांगावा लागतो?" कुंदा म्हणाली.

"तुझ्याकडे सत्यनारायण झाला तेव्हा भटजी काय म्हणाला? नाव सांगितलं, गोत्र सांगितलं, नर्मदेच्या उत्तर तीरावर बसलोय हेही सांगितलं. ते कोणाला कळवत होता? तुझ्या देवाला काठ सांगावा लागतो, माझ्या देवाला घर सांगितलं तर काय झालं?"

कोणी हसलं नाही. आमच्या देवावर आता ही बोलणार, असं मागून एकजण पुटपुटली. मी मध्ये पडून सांगितलं, टाक्यांमागचं तिसरं घर इंदिरामावशीचं, ही तिथे राहिली होती, त्या लोकांची नावं घेते, दुसरं काही नाही. माझं बोलणं संपायच्या आत कुंदानं ताटातला पेढा उचलून विनताबाईच्या तोंडापाशी धरला.

"आपली असाल तर खा. टाक्या जळाल्या, त्या घराचं काय राहिलं असेल आता?"

विनताबाईनं तोंड फिरवलं नाही, उघडलंही नाही. "ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "म्हणून तर नाव सोडत नाही. तुझ्या बाळंतपणाची वेळ आली होती तेव्हा मी पेढा आधी खाल्ला नव्हता कुंदा, आधी तुला पाहिलं होतं."

कुंदाचा हात खाली आला, पण बापूसाहेबांचा आवाज चढला. या खोलीतून पुन्हा पहाटे शब्द ऐकू आला तर सामान रस्त्यावर आणि नाव चौकीत. ते एवढं बोलून निघाले, आणि त्यांच्या मागे बायाही. जाताना कोणीतरी तिच्या उंबऱ्यावर थुंकलं. मी पाणी आणून उंबरा धुतला. विनताबाई बेडपॅन पुन्हा पलंगाखाली सारत होती. मला म्हणाली, पाणी जपून वापरा, नळ आता संध्याकाळीच येईल.

मंगळवारी पहाटे त्या खोलीतून आवाज आला नाही. कुंदानं नळावर सगळ्यांना तसं सांगितलं, यंत्र बंद पडलं म्हणून. विनताबाई बादली घेऊन आली तेव्हा बायांनी आपापल्या बादल्या तिच्यापुढे सरकवल्या. तिचा नंबर आला तोवर नळ गेला होता. दुपारी ती विणायला आली नाही.

बुधवारी हे पाळीवरून यायच्या आधी माझं दार पुन्हा वाजलं. बोटांनी, हळू. विनताबाई उभी होती, डोक्यावरून शाल, हातात जवानाच्या स्वेटरची अर्धी बाही. आत या म्हटलं तरी उंबऱ्यावरच थांबली. आमच्या स्वयंपाकघराकडे, तिथून मागच्या पडीक जागेकडे तिनं नीट पाहून घेतलं. काल दिवसभर मनातल्या मनात करून पाहिलं, म्हणाली, तुळशीरामचा चेहराच येईना.

"तुमच्या या भिंतीला कोणाची भिंत लागत नाही. रोज सकाळी पाच मिनिटं मला इथे बसू द्या, वहिनी. मला त्यांची नावं मोठ्यानं घ्यायची आहेत."