अंगणातली बाळंतीण

खरवसातल्या वेलदोड्याचा वास आला की बीडचं हे घर घेतलं ते दिवस आठवतात. बँकेने जप्त केलेलं घर आम्ही लिलावात घेतलं होतं. ताबा द्यायला बँकेचे साहेब आले, तर मोकळ्या अंगणात शेजारच्या काकूंनी बांधलेली म्हैस नुकतीच व्यालेली. "आत्ता हलवा, नाहीतर ताबा देता येणार नाही," साहेब म्हणाले. घर हातचं जातं की काय, म्हणून मी काकूंना हाक मारली. काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बाळंतीण हाय ती! दहा दिस जागची हालायची न्हाई. तुमच्या घरची बाळंतीण असं भाईर काढाल का, सायेब?" साहेबांनी दहा दिवसांनंतरची तारीख टाकली. आज घर आमच्या नावावर आहे, पण काकू अजूनही दर वेताला न विचारता म्हैस त्याच खुंट्याला आणून बांधतात.