दोन पायऱ्या उरल्या की

मांजर्लीतल्या आमच्या घराला गल्लीतून ओट्यावर चढायला चार पायऱ्या होत्या. खालच्या दोन बुटक्या आणि वरच्या दोन नको तितक्या उंच. उन्हाळ्यात आई तिसरीवर अडखळली. हाड वाचलं, पण माझा जीव टांगणीला लागला तो लागलाच. मी सकाळी अंबरनाथला ऑफिसला जायचे आणि मागे ती एकटी, दिवसातून दहा वेळा चढउतार करणारी.

एवढ्याशा कामाला गवंडी येईना. "बघतो, मॅडम" म्हणून दोघे गायब झाले. शेवटी मीच थापी हातात घेतली. त्याआधी मी भिंतीत साधा खिळा कधी धड ठोकला नव्हता. जुन्या गुळगुळीत पायरीवर सिमेंट लिंपलं आणि आठवड्यात तो थर पापडासारखा हातात आला. उल्हासनगरच्या सिमेंटवाल्या सिंधी काकांनी तो तुकडा बघून कपाळाला हात लावला.

"बेटी, पहले छिन्नी से टाचे मारो, फिर पानी पिलाओ. सूखे पे सिमेंट पकडेगा क्या?"

मग नीट केलं. टाचे मारून पायऱ्या खरबरीत केल्या, पाणी पाजलं, खालच्या दोन पायऱ्या इंचभर उचलल्या. वरच्या दोन फोडून, ओट्याची कड थोडी आत घेऊन, त्या जागी तीन बसवल्या. चाराच्या पाच झाल्या, प्रत्येक बरोब्बर सहा इंचांची. पंधरा दिवस ओली गोणपाटं घातली. तरी मला भरवसा नव्हता. घरी आले की पोकळ आवाज येतो का ते किल्लीने ठोकून बघायचे. पावसात सुटणार, आई पडणार, हेच डोक्यात.

"अगं, तूच ठोकून ठोकून फोडशील त्या," आई म्हणायची.

नदी जवळ असल्यामुळे गल्लीत पाणी भरणं आम्हाला नवीन नाही. त्यासाठी वडिलांनी एक नियम घालून दिला होता: दोन पायऱ्या उरल्या की घर सोडायचं. तेवढ्या पाण्यातून समोरच्या इमारतीत चालत जाता येतं, त्यानंतर ओढ वाढते. वडील गेले, पण आई तो नियम पाळत आली.

जुलैतल्या एका दुपारी ऑफिसात तिचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"तू उगाच घोर लावून घेतेस म्हणून केला. पाण्यात तुझ्या पायऱ्या मस्त टिकल्यात. कणसुद्धा सुटला नाही."

"पाणी? किती आहे?"

"दोन बुडाल्यात. अजून तीन उरल्यात की. चहा टाकलाय. दोन उरल्या की जाते समोर, नेहमीसारखी."

मला हायसं वाटलं. मग तो तीनचा आकडा खटकला. वरच्या दोन फोडून तीन मीच केल्या होत्या. आताच्या तीन म्हणजे वडिलांच्या दोन. आणखी एक बुडेपर्यंत ती थांबली असती, तर गल्लीतलं पाणी तिच्या गुडघ्यावर गेलं असतं.

"आई, गॅस बंद कर आणि आत्ताच्या आत्ता निघ."

"अगं, पण तीन..."

"मी चुकले मोजायला. निघ तू."

समोरच्या वहिनींच्या फोनवरून तिचा आवाज ऐकू येईपर्यंत मी ऑफिसच्या जिन्यात बसून होते. पोचले म्हणाली आणि चहा वाया गेला म्हणून कुरकुरली. मी तिथेच रडले.

पाणी ओसरल्यावर मी ओट्याच्या भिंतीवर लाल रंगाची रेघ मारली. आता पायऱ्या मोजायच्या नाहीत, ही रेघ बघायची, असं आईला दहादा बजावलं. ती हो हो म्हणाली. पायऱ्या अजून पक्क्या आहेत, मी किल्लीने ठोकत नाही. पण पाऊस लागला की मला तो फोन आठवतो. पाणी आलंय हे सांगायला तिने तो केलाच नव्हता. माझी काळजी मिटावी म्हणून केला होता.