नोंदीतला किशन नाईक

रिसोडच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवणारा धनराज चव्हाण पगार तासावर घ्यायचा आणि रुबाब मात्र पूर्णवेळ प्राध्यापकाचा करायचा. त्यामुळे मराठी ज्ञानकोशाच्या संपादिका ललिताबाईंनी ‘समाजनिरीक्षक’ या जुन्या त्रैमासिकावर नोंद लिहाल का, असं विचारलं, तेव्हा गड्याला आकाश ठेंगणं झालं. नोंदीखाली लेखकाचं नाव छापणार होते. त्याच्या बंजारा तांड्यातल्या माणसांची नावं आजवर छापली गेली ती लग्नपत्रिकेत, नाहीतर मतदार यादीत.

‘समाजनिरीक्षक’ निघालं स्वातंत्र्याच्या बरंच आधी, अमरावतीहून. समाजशास्त्र हा शब्दच तेव्हा लोकांच्या तोंडी नव्हता. कुणा हौशी वकिलाने ते काढलं, वर्गणीदार कंटाळले तसं गुपचूप मिटवलं. धनराज अमरावतीच्या एका ग्रंथालयात जाऊन बसला, धुळीने शिंकून शिंकून बेजार झाला, आणि एका अंकापाशी थबकला. त्यात मानोऱ्याकडच्या एका तांड्याची पाहणी होती. तांडा त्याचाच होता.

पाहणी करणाऱ्याने लिहिलं होतं की, तांड्याचा नाईक किशन चोरून आणलेल्या मालाचे समान वाटे करतो आणि घरोघर देतो. जे बाहेरगावी आहेत त्यांचाही वाटा काढतो. त्या काळी सरकारनेच अख्ख्या जमातींवर चोरीचा शिक्का मारलेला, तेव्हा या महाशयांना वेगळं काही दिसणार तरी कुठून! पुढे ज्या ज्या अभ्यासकाने या त्रैमासिकाचं नाव घेतलं, त्याने हीच पाहणी उचलली.

किशन नाईक म्हणजे धनराजच्या सोनीबाई काकीचा आजा. धनराज तांड्यावर गेला, पण चोरीबद्दल त्याची जीभ उचलेना. त्याने आडून विचारलं, “काकी, किशन नाईक घरोघर काय वाटत जाय?”

“काय म्हंजे? समनकचा बोकड!” सोनीबाई हसली. “अन् कोन सायब आल्ता म्हने पुसपास कराले, त्यालेही आज्यानं वाटा देल्ला. खाल्ला त्यानं चाटूनपुसून. काहून रे, पुस्तकात नाव हाय काय आज्याचं?”

“हाय,” धनराज म्हणाला. तेवढंच म्हणाला.

समनक म्हणजे साऱ्या तांड्याने मिळून करायची पूजा. बोकड कापला की घरटी एकसारखा वाटा. नाईकाला जेवढा, तेवढाच एकट्या राहणाऱ्या विधवेला. कुणी ऊसतोडीला गेलं असेल तर त्याच्याही घराचा वाटा निघतो, शेजारी तो रांधून खातात. धनराज लहानपणापासून हे बघत आला होता. साहेब काय बघून काय समजला, हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही.

त्याने ललिताबाईंना फोन केला. बाई सरळ होत्या. “तुमचं पटतंय मला. पण कोशात छापील आधाराशिवाय काही घेत नाही आपण. आधी यावर एखादा लेख छापून आणा, नोंद पुढच्या खंडात घेऊ. नाहीतर तो मजकूर गाळा. पण ती पाहणी गाळली तर या त्रैमासिकाची नोंद घ्यायची तरी कशाला, हाही प्रश्न आहेच.”

दोन्ही वाटा उघड्या होत्या. पण पुढचा खंड केव्हा निघणार, देव जाणे. आणि आपलं नाव येणार म्हणून धनराज अर्ध्या रिसोडला सांगून बसला होता. त्याने लिहिलं, ‘नाईक किशन चोरीच्या मालाचे समान वाटप करीत असे, असे पाहणीत नोंदवले आहे.’ शेवटच्या चार शब्दांच्या आड तो लपला. आपण कुठे म्हणतोय, साहेब म्हणतोय, अशी त्याने मनाची समजूत घातली.

खंड हाती आला तेव्हा सोनीबाईने आधी आपल्याला वाचून दाखवायला लावलं. त्या ओळीशी तो आला. दोन शब्द त्याने गिळले. “नाईक किशन समान वाटप करीत असे.”

म्हातारीच्या डोळ्यांना धार लागली. “पुन्हा वाच.” त्याने पुन्हा वाचलं, पुन्हा गिळलं. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली. “यंदा समनकले साऱ्यायच्या समोर वाचजो.”

त्या दिवसापासून त्याला घास गोड लागेना. वर्गात मुलांना पाहणीच्या पद्धती शिकवताना त्याची त्यालाच लाज वाटे.

समनकच्या दुपारी पळसाच्या पानांवर वाटे मांडले जात होते. सोनीबाईने सगळ्यांना गप्प केलं आणि धनराजला उभं केलं. तो वाचू लागला. अमरावती झाली, वकील झाला, पाहणी आली. ते दोन शब्द तिसऱ्यांदा गिळणं अवघड नव्हतं, सवय झाली होती. पण समोर ती पानं होती, एकेक तुकडा इकडचा तिकडे करून सारखी केली जात असलेली. त्याने ओळ पुरी वाचली. चोरीच्या मालाचे.

वाटे मांडणारे हात थांबले.

सोनीबाईला समजायला वेळ लागला. मग ती म्हणाली, “त्या सायबाले ठाऊक नोतं. तुले तं ठाऊक होतं.”

“काकी, आधार पायजे असते. कोनी सांगतलं असन, तसा पुरावा...”

“मी सांगतलं होतं ना तुले?” ती म्हणाली. “मंग मी कोन?”

धनराज पुस्तक हातात धरून उभाच राहिला. कुणी त्याला बस म्हटलं नाही, आणि आपणहून त्या पंगतीत बसायची त्याची हिंमत झाली नाही.