पुन्हा तोच धडा

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही — बायकोजवळसुद्धा नाही. तुम्ही समोर बसला आहात असं धरून सांगतो.

बाबा रेल्वेतून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. जन्मभर विहारात वंदना म्हणायला तेच पुढे असत. पण त्या पाली शब्दांचा अर्थ त्यांना नीट ठाऊक नव्हता. म्हातारपणी त्यांनी ठरवलं — पाली शिकायची, टॅबवर. खातं उघडून देणं, पासवर्ड लक्षात ठेवणं, आजचा धडा काढून देणं, सगळं माझ्याकडे. मला त्याचा अभिमान होता. खरंच होता का? मी शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीतल्या ऑफिसात असायचो आणि बाबांचा फोन यायचा — वर्ग कुठं गेला, मास्तर दिसत नाही, हे लाल काय आलं. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी विचारायचं, "भैया, पिताजी की क्लास फिर लग गई?" मीही हसायचो. आतून चिडायचो.

मग एका रविवारी मी सुरुवातीचे थोडे धडे टॅबमध्ये उतरवून घेतले. शेवटचा संपला की पहिला पुन्हा लागेल असं करून ठेवलं, आणि बाबांना सांगितलं — आता रोज नवा धडा आपोआप येईल.

फोन थांबले. पुढचे धडे लवकरच टाकू, असं मनाशी म्हटलं होतं. टाकले नाहीत.

कशी सांगू ती दुपार? कूलरची ओलसर हवा, पडद्यातून गाळून आलेला पिवळा उजेड, मास्तरांचा संथ आवाज आणि त्यामागून ओठ हलवणारे बाबा — अख्खं घर पाण्याखाली असल्यासारखं. धडे फिरून पहिल्यावर आले होते. बाबांनी टॅब मांडीवर ठेवला.

"काहून रे, हे सारं मले आधीच ऐकल्यावानी वाटते. नवा आहे ना हा धडा?"

एक वाक्य पुरलं असतं — नाही का? मी म्हणालो, "हव बाबा, नवाच आहे. वय झालं, होते असं."

त्यांनी टॅब बंद करून बाजूला ठेवला.

नंतर त्यांनी टॅब उघडला नाही. पौर्णिमेला विहारात त्यांना पुढे बोलावलं, तर नको म्हणाले — मधेच विसरलो तर? मागे बसून नुसते ओठ हलवत राहिले. जन्मभर पाठ असलेली वंदना! सदर बाजारात एकटं जाणंही सोडलं. परत घर सापडणार नाही ही धास्ती. त्यांचं डोकं शाबूत होतं. हे मला — फक्त मला — माहीत होतं.

शेवटची वर्षं बाजारात मीच त्यांना नेत असे. एकदा गाड्यांच्या गर्दीत त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. म्हणाले, "तू आहेस म्हणून बरं आहे, पोट्ट्या. नाही तं मी कुठं जाईन, मलेच समजणार नाही."

मी त्यांना त्यांच्याच ओळखीच्या गल्लीतून, हात धरून, घरी आणलं.