सामानाची बदली

मराठीत 'नग' हा शब्द सामानालाही लावतात आणि माणसालाही. हे दोन्ही अर्थ एकट्याने पुरते वसूल करणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो माझा थोरला साडू आहे. आमच्या वऱ्हाडात साडूला साडभाऊ म्हणतात. मी त्यांना साडभाऊ म्हणतो, ते मला साडभाऊ म्हणतात, आणि आमच्या बायका, म्हणजे दोघी सख्ख्या बहिणी, आम्हा दोघांना मिळून जे म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. साडभाऊ मंगरूळपीरला राहतात. प्रवासाला निघताना माणसं किती निघाली हे ते मोजत नाहीत, नग मोजतात. एकदा लग्नाहून परतताना एसटीत सगळे नग बरोबर भरले म्हणून त्यांनी कंडक्टरला खुशाल घंटी मारायला लावली, आणि माझी मेहुणी रसवंतीपाशी ग्लास हातात धरून उभीच राहिली. पुढच्या थांब्यावर कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाले, नगांचा हिशोब जुळला होता, त्यामुळे शंका आली नाही.

त्यांच्या प्रत्येक वस्तूवर ऑइलपेंटने नाव, गाव, तालुका आणि जिल्हा लिहिलेला असतो. डब्यावर लिहितात, आणि झाकणावर वेगळं लिहितात, कारण झाकण एकटंसुद्धा हरवू शकतं. बॅगेला कुलूप लावतातच, वरून सुतळी बांधतात, आणि गाठी अशा मारतात की चोराने बॅग नेलीच तर ती सोडवून घ्यायला त्याला मंगरूळपीरला यावं लागेल. नोकरी त्यांनी सरकारी कचेरीत कारकुनाची केली. एकतीस वर्षांत पाच वेळा बदलीचा हुकूम निघाला आणि पाचही वेळा त्यांनी अर्ज करून तो रद्द करवला. एकदा तर बदली मानोऱ्याला झाली होती. तिथून त्यांच्या बहिणीचं गाव, इंझोरी, अगदी जवळ. दर शनिवारी बहिणीला भेटायला जाणाऱ्या माणसाने खरं तर पेढे वाटायला हवे होते. पण "गाव चांगलं हाय, पन बदली ते बदलीच," असं म्हणून त्यांनी तीही रद्द करवली.

या बहिणीला सगळे आक्का म्हणतात. आई लवकर गेली, तेव्हा बारा वर्षांनी मोठ्या असलेल्या आक्कांनीच साडभाऊंना लहानाचं मोठं केलं. आता आक्कांना दिसत नाही आणि त्या खाटेवरून फारशा उठत नाहीत. आम्ही चौघांनी टूरबरोबर सिंगापूरला जाऊन बोटीची सफर करायचं ठरवलं, तेव्हा साडभाऊ त्यांना विचारायला गेले की काय आणू. मी तिथेच होतो. आक्का बराच वेळ विचार करून म्हणाल्या, "समुद्राचं पानी खरंच खारं असते का रे? घोटभर आनजो." साडभाऊंनी आयुष्यात अनेक अर्ज केले होते, पण खुद्द त्यांच्या नावाने आलेला हा एकच अर्ज होता, आणि तो मंजूर केल्यासारखी त्यांनी मान हलवली.

बोट एका बेटाला लागली तेव्हा किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी अर्ध्या लिटरची बाटली भरली. झाकणावर प्लास्टिक, त्यावर सुतळी, आणि चिठ्ठी: 'समुद्राचे पाणी. पिऊ नये. आक्काकरिता.' खाली गाव, तालुका, जिल्हा. आमच्या सामानात आता सात नग झाले.

सफरीच्या शेवटच्या दिवशी टूर सांभाळणाऱ्या पुण्याच्या बाईंनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की, आता अगदी निश्चिंत व्हा. संध्याकाळी सहाच्या आत बॅगा खोलीच्या दाराबाहेर ठेवायच्या, लगेज ट्रान्सफरची सोय केली आहे, त्या परस्पर विमानतळावर पोचतील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साडभाऊ मात्र उठून उभे राहिले. ट्रान्सफर म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. "बाई, बदल्यांची फाईल माह्याच टेबलावर होती," ते म्हणाले. "बदली झालेला मानूस कुठी पोचते अन् कवा पोचते, ते मले इचारा." बाईंनी खूप समजावलं. साडभाऊ खोलीत आले, बॅगेतून फूलस्केप कागद काढला (तो ते कुठेही नेतात) आणि लिहायला बसले. प्रति, मा. कप्तानसाहेब. विषय: सामानाची बदली रद्द होणेबाबत. अर्जदार ज्येष्ठ नागरिक असून सामानात अर्जदाराच्या बहिणीचे पाणी आहे, सबब, वगैरे. बोटीच्या काउंटरवरच्या परदेशी बाईंना त्यातलं अक्षरही कळलं नाही, पण साडभाऊंनी शिक्क्याची जागा बोटाने दाखवल्यावर त्यांनी हसून शिक्का मारला. झालं, बदली रद्द.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी टूर हात हलवत बोटीवरून उतरली आणि मागून आम्ही चौघं सात नग ओढत उतरलो. माझ्या बायकोने सरकत्या जिन्यावर मला जे सुनावलं त्यावर पुढे कधीतरी तह होईल. साडभाऊ मात्र पुढे चालत होते, ताठ, खांद्यावरच्या पिशवीत बाटली धरून. आणि विमानतळावर टूरच्या बाईंनी ती पाहिली. त्या हळूच म्हणाल्या, "काका, एवढं पाणी हातात नेता येत नाही. मोठ्या बॅगेत घालून विमानवाल्यांच्या ताब्यात द्या, नाहीतर इथेच सोडून द्या."

इथे अर्ज चालणार नव्हता हे त्यांनाही कळलं. ते खाली फरशीवर बसले. एकेक गाठ सोडवून मोठी बॅग उघडली, गळ्यातला पांढरा दुपट्टा काढून बाटलीला गुंडाळला, बाटली मधोमध ठेवली आणि बॅग पुन्हा बांधली. काउंटरवरच्या बाईला म्हणाले, "हे माह्या आक्काचं हाय. पोचवजा." पट्ट्यावरून बॅग आत गेली, तरी ते तिथेच उभे होते. मुंबईला बॅग मिळाली, पुन्हा द्यावी लागली. विमानात त्यांनी काही खाल्लं नाही. मला त्या दिवशी त्यांची चेष्टा करवेना.

नागपूरला बॅग आली ती एका कोपऱ्यात ओली होऊन. साडभाऊंनी तिथेच उघडली. झाकण तडकलं होतं आणि बाटलीत थेंबही नव्हता. मग माझी बायको, चांगल्या मनानेच, म्हणाली की नळाच्या पाण्यात चिमूट मीठ टाकू, आक्कांना काय कळणार आहे. साडभाऊंनी तिच्याकडे पाहिलं. "आक्काले मी खोटं पाजू?" इतकंच म्हणाले, आणि घरी न जाता गाडी आधी इंझोरीला घ्यायला लावली.

आक्का खाटेवर बसल्या होत्या. साडभाऊंनी सगळं खरं सांगितलं, बाटली सांडली, घोटभरही आणता आलं नाही, आणि तो दमट दुपट्टा त्यांच्या हातात दिला. आक्कांनी तो चाचपला. कोपरा ओठांना लावला.

"खारं हाय रे," त्या म्हणाल्या. "मले कुठी पोटभर प्याचं होतं." मग खूप खुशीत येऊन पाय पोटाशी घेतले. "आता सांग. केवढा हाय तो समुद्र?"

साडभाऊ दुपट्ट्याच्या टोकाशी चाळा करू लागले. चार दिवस सगळे वरच्या डेकवर असताना हा माणूस खोलीत सामानापाशी बसून होता, आणि किनाऱ्यावर गेला तेव्हा त्याची नजर बाटलीच्या तोंडावर होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतका ओशाळलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नाही.

"साडभाऊ, तुमी सांगा," ते म्हणाले. "मी नाई पाह्यला नीट."

मग मीच सांगायला लागलो. सकाळी उठून पाहिलं तर कुठल्याच बाजूला काठ नव्हता, दुपारी पाण्याचा रंग बदलायचा, वारा लागला की ओठांवर मीठ यायचं. साडभाऊ खाटेच्या पायथ्याशी बसले, दुपट्ट्याचं दुसरं टोक त्यांच्या हातात होतं. मी सांगत राहिलो, आणि समुद्र न पाहिलेली ती दोन भावंडं शेजारी बसून ऐकत राहिली.